परसांतील हिरवळ आणि घरचा कुत्रा

घराच्या मागें चार हात मोकळी जागा असावी, तींत हिरवळ असावी, आणि त्या हिरवळीवर घरचीं मुलें व घरचा कुत्रा यांनीं मनसोक्त बागडावें, अशी इच्छा पुष्कळांची असते. परंतु हिरवळ आणि कुत्रा हीं दोन एके ठिकाणीं नांदत नाहींत, दोहोंपैकीं एकावर पाणी सोडावेंच लागतें, ही समजूतही तितकीच सार्वत्रिक आहे. ती कितपत खरी आहे याचा विचार आज या सदरांत करण्याचें आम्हीं योजिलें आहे. विषय प्रथमदर्शनीं क्षुल्लक वाटेल. पण याच क्षुल्लक विषयापायीं घरांत अबोले धरलेले आणि मुक्या जनावराचे हाल झालेले आम्हीं पाहिले आहेत.

आमच्या ठाणें-कल्याण-डोंबिवलीच्या बाजूस हा प्रश्न फार जुना नाहीं. ठाण्यास आगगाडी १८५३ सालीं आली, कल्याणास १८५४ सालीं आली, आणि तिच्या मागोमाग वस्ती वाढत गेली. वाड्यांच्या जागीं चाळी झाल्या, चाळींच्या जागीं मजल्यांवर मजले चढले, आणि आतां बहुतेकांच्या वांट्यास आलेलें अंगण म्हणजे गॅलरींतल्या दोन कुंड्या. तथापि नौपाड्यांतील कांहीं जुन्या घरांमागें, येऊरच्या पायथ्याशीं, डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीला लागून असलेल्या निवासी विभागांतील बंगल्यांभोंवतीं, आणि तळमजल्यावरील कांहीं बिऱ्हाडांपुढें अजून मोकळी माती शिल्लक आहे. आमच्या आजोबांच्या काळीं अशा जागेंत शेणाचा सडा पडे, तुळशीवृंदावन असे, न्हाणीच्या पाण्यावर अळू वाढे. परंतु मुद्दाम लावलेली आणि नियमानें कापलेली हिरवळ नसे. ती इंग्रजांच्या बंगल्यांतून आपल्याकडे आलेली पाहुणी आहे. कुत्राही पूर्वीं पायरीच्या खालीं राही, आतां तो दिवाणखान्यांत बसतो. केळीला पाणी किती घालावें, गाईला काय चारावें, हें सांगणारी आजी प्रत्येक घरीं होती. हिरवळीवर कुत्रा कसा वागवावा हें सांगणारी आजी कोणास लाभलेली नाहीं. म्हणून या बाबतींत अनुभवापेक्षां तर्कावर आणि तर्कापेक्षां रागावर काम चालतें.

आमच्या परिचयाचें एक एकत्र कुटुंब डोंबिवलीस राहतें. तीन भाऊ, त्यांची वृद्ध आई, पांच मुलें, आणि लॅब्रॅडॉर जातीची दीड वर्षाची एक अवखळ कुत्री. धाकट्या भावानें मोठ्या हौसेनें मागील बाजूस हिरवळ लावली. सहा महिन्यांत तिच्यावर थाळीएवढे पिवळे डाग पडले, कुंपणालगत पायवाट पडली, आणि एका कोपऱ्यांत गुडघाभर खड्डा झाला. तेव्हां कुत्रीला चार हात साखळीनें खांबाला बांधण्यांत आलें. ती दिवसभर ओरडे. शेजारी कुरकुर करूं लागले. मुलें जेवणावर रुसलीं. शेवटीं तिला कोणाच्या तरी शेतावर धाडून द्यावें, अशी भाषा निघाली. थोरला भाऊ आमचा जुना विद्यार्थी. तो विचारावयास आला तेव्हां आम्हीं त्यास एवढेंच म्हटलें, "बाबा रे, शिक्षा ठरली खरी, पण चौकशी कोणी केली?" चौकशी कोणींही केली नव्हती.

महाभारताच्या आदिपर्वांत याच प्रकारची एक कथा आहे. जनमेजयाच्या सत्रांत सरमेचें पिलूं आलें, आणि राजाच्या भावांनीं त्यास बडवून हांकलून दिलें. सरमेनें येऊन विचारलें कीं, यानें हविर्द्रव्य चाटलें नाहीं, त्याकडे पाहिलेंही नाहीं, मग मारलें कां? या प्रश्नास कोणाकडेही उत्तर नव्हतें, आणि त्या राजकुळास तिचा शाप भोंवला. आजचा कायदाही सरमेच्याच बाजूचा आहे. प्राण्यांना क्रूरतेनें वागविण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्याच्या ११ व्या कलमान्वयें जनावरास अवाजवी आंखूड किंवा जड साखळीनें अवाजवी वेळ बांधून ठेवणें हा अपराध आहे. आणि नेहमीं बांधलेल्या वा कोंडलेल्या कुत्र्यास पुरेसा व्यायाम न देणें हाही अपराधच आहे. येऊरच्या बाजूच्या घरांनीं तर आणखी एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. संजय गांधी राष्ट्रीय उद्यानांतील बिबटे रात्रीं कुत्र्यांच्या शोधांत वस्तीकडे येतात. तेथें रात्रीं कुत्रा अंगणांत बांधून ठेवणें म्हणजे बिबट्यापुढें पान वाढून ठेवणेंच होय.

आतां चौकशीकडे वळूं. पहिला आरोप पिवळ्या डागांचा. कुत्र्याचें मूत्र आम्ल असतें व त्या आम्लानें गवत जळतें, असें बहुतेकांस वाटतें. मग कोणी चुना टाकतो, कोणी खाण्याचा सोडा शिंपडतो, कोणी कुत्र्याच्या अन्नांत टोमॅटोचा रस मिसळतो. हे उपाय निष्फळ आहेत, आणि सोडा किंवा जादा मीठ जनावराच्या पोटांत घालणें तर अपायकारक आहे. खरें कारण निराळें आहे. कुत्र्याच्या आहारांत प्रथिनें पुष्कळ असतात, आणि त्यांतील जास्तीचें नत्र युरियाच्या रूपानें मूत्रावाटे बाहेर पडतें. त्याबरोबर कांहीं क्षारही पडतात. शेतकरी पोत्यानें विकत आणतो तो युरिया रसायनदृष्ट्या हाच. त्यांत शेंकडा ४६ भाग नत्र असतें. चिमूटभर दिला तर रोप तरारतें, मूठभर एकाच बुंध्याशीं टाकला तर तेंच रोप करपतें. डागाकडे एकदां नीट पाहावें: मध्यें करपलेलें पिवळें गवत, आणि त्याच्या सभोंवतीं गर्द हिरव्या, उंच वाढलेल्या गवताचें कडें. मध्यें मात्रा अधिक झाली म्हणून ती विष ठरली. कडेला ती बेताची पोंचली म्हणून खत ठरली. अति सर्वत्र वर्ज्य करावें, हें आम्ही मुलांना वर्षानुवर्षें सांगत आलों. त्याचा असा हिरवा-पिवळा धडा परसांतच मांडून ठेवलेला असतो.

मादीचें मूत्र अधिक जहाल असतें, ही दुसरी चुकीची समजूत. मादी बसून सर्व मूत्र एकाच जागीं सोडते; प्रौढ नर खांबाखांबावर थोडें थोडें शिंपडतो. द्रव्य तेंच, वांटणी निराळी. म्हणून उपायही वांटणीचाच, म्हणजे पाण्याचा. कुत्रा उठतांच त्या जागीं मूत्राच्या निदान तिप्पट-चौपट पाणी ओतावें; हात सैल ठेवून अर्धी बादली ओतली तर उत्तम. जितका उशीर होईल तितका गुण कमी. मागील दारीं भरलेली झारी नेहमीं ठेवावी, आणि जो कुत्र्यास बाहेर सोडील त्यानेंच झारी उचलावी, असा घरचा नियम असावा. उन्हाळ्यांत पाणीकपात सुरू झाली कीं झारी रिकामी राहते आणि डाग वाढतात. त्या दिवसांत तांदूळ व भाजी धुतलेलें पाणी सांठवून ठेवावें, तें या कामास चांगलें. साबणाचें मात्र घेऊं नये. ज्या हिरवळीवर कुत्रा वावरतो तिला नत्राचें वेगळें खतही बेतानेंच घालावें, कारण तें घालणारा एक घरांत आधींच आहे.

याहून बरा उपाय म्हणजे कुत्र्यास जागा नेमून देणें. परसाच्या एका कोपऱ्यांत दोन-तीन हात लांबरुंद चौकोन आंखून त्यांत मुरूम किंवा जाड वाळू भरावी. सकाळीं उठल्याबरोबर आणि प्रत्येक खाण्यानंतर कुत्र्यास दोरीनें धरून तेथेंच न्यावें, काम झालें कीं कौतुक करावें, आणि मगच मोकळें सोडावें. कुत्रा आपल्या वासाच्या जागीं पुन्हां जातो. दोन-तीन आठवडे माणसांनीं न चुकतां पाळलें तर पुढें तो आपण होऊन पाळतो. नर असेल तर त्या चौकोनांत एक लांकडी खुंट रोवावा. खंड पडतो तो माणसांकडून.

दुसरा आरोप धांवण्याचा. कुंपणाच्या कडेनें फिरून पहारा करणें हा कुत्र्याचा जातिस्वभाव आहे; तो मोडूं पाहणारा गृहस्थ दरवर्षीं त्याच पट्ट्यांत नवें गवत लावतो आणि दरवर्षीं हरतो. त्यापेक्षां कुंपणालगतचा दोन फूट रुंदीचा पट्टा त्यास देऊन टाकावा. तेथें शहाबादी लाद्यांचे तुकडे किंवा जांभ्याचे चिरे बसवावे आणि गवत त्याच्या आंतून सुरू करावें. वैशाखांत दगड तापून जनावराचे तळवे भाजतात, म्हणून त्या वाटेवर झुडपांची सावली असावी. मधली हिरवळ दोन भागांत वांटून बांबूचा हलका कूड घालावा. एक भाग कुत्र्यास, दुसरा विश्रांतीस, आणि तीन आठवड्यांनीं अदलाबदल. गवत फार बारीक कापूं नये. दोन-अडीच इंच राखलें तर मूळ खोल जातें आणि पाय सोसतें. सतत धांवण्यानें माती दबून मुळांस हवा मिळत नाहीं, यासाठीं पावसाळा सरल्यावर टोंकदार सळईनें वीत-वीत अंतरावर भोंकें पाडावीं, आणि तीं वाळू व चाळलेलें जुनें शेणखत यांच्या मिश्रणानें बुजवावीं.

आमच्या भागांत खरी परीक्षा पावसाळ्याची. जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत येथें अडीच हजार मिलिमीटरांच्या आसपास पाऊस पडतो. पावसानें मूत्राचे डाग आपोआप धुतले जातात हें खरें. पण भिजून लोण्यासारख्या झालेल्या मातींत धांवणारा कुत्रा मुळेंच उपटतो आणि आठ दिवसांत हिरवळीचा चिखल करितो. पाणी जेथें तुंबतें तेथें उतार देऊन चर काढावा, आणि मुसळधारेच्या दिवशीं कुत्र्यास रस्त्यावर फिरवून आणावें. परस हें फिरण्याऐवजीं नव्हे, हें तर बाराही महिने लक्षांत असावें. मुधोळचा शिकारी कुत्रा घ्या. मुधोळ हें घोरपड्यांचें जुनें संस्थान, आतां कर्नाटकाच्या बागलकोट जिल्ह्यांत आहे, आणि तेथील कुत्र्याचें चित्र भारतीय टपाल खात्यानें २००५ सालीं तिकिटावर छापलें. सशाच्या मागें माळावर धांवण्यासाठीं ज्याची जोपासना झाली, त्यास वीस फुटांच्या परसांत दिवसभर सोडलें तर तो त्याच वीस फुटांत माळ शोधील. सकाळ-संध्याकाळ मिळून तासभर चालून-धांवून आलेला कुत्रा हिरवळीवर झोंपतो. न फिरलेला कुत्रा तिची नांगरणी करितो.

तिसरा आरोप उकरण्याचा. याचीं कारणें तीन, आणि प्रत्येकाचा उपाय वेगळा. चैत्र-वैशाखांत कुत्रा खड्डा उकरून त्यांत पोट टेंकून पडला तर त्यास गारवा हवा आहे. सावली आणि पाण्याचें भांडें द्यावें. एकाच जागीं नाक खुपसून उकरीत असेल तर खालीं बहुधा घुशीचें बीळ आहे. दोष घुशीचा, आणि तो दाखविल्याबद्दल कुत्र्याचे आभार मानावे. तेथें विषारी गोळ्या मात्र टाकूं नयेत. घुशीच्या आधीं त्या कुत्रा खातो. तिसरें कारण कंटाळा. त्यावर औषध म्हणजे फिरणें, खेळणें आणि माणसाची सोबत. साखळीनें तिन्ही कारणें वाढतात, एकही कमी होत नाहीं.

गवत कोणतें लावावें, असें पुष्कळ जण विचारतात. रोपवाटिकेंत कोरियन या नांवानें मिळणारें मखमली गवत दिसावयास मोहक आहे, पण तें सावकाश वाढतें. एकदां उखडलें कीं भरून येण्यास फार दिवस लागतात. कुत्रा असलेल्या घरीं आमचें मत आपल्या जुन्या हरळीला, म्हणजेच दूर्वेला आहे. पाश्चात्त्य लोक जिला बर्म्युडा गवत म्हणून लावतात ती हीच. मूत्रानें तीही करपते, त्यांतून कोणतेंच गवत सुटत नाहीं. परंतु ती जमिनीवरून धावे सोडते, जमिनीखालून मुळ्या पसरते, आणि पेरापेरांतून पुन्हां उगवते. आपल्या पूर्वजांनीं वंशवृद्धीचें प्रतीक म्हणून दूर्वा निवडली ती याच गुणावरून. डाग पडला तर मेलेलें गवत खरवडून काढावें, ती जागा दोन दिवस भरपूर पाण्यानें धुवावी, आणि हरळीच्या चार-सहा मुळ्या रोवून टाकाव्या. मृगाच्या तोंडावर लावल्यास श्रावणांत खूणही उरत नाहीं. तिला ऊन मात्र दिवसाचे निदान सहा तास हवें. आंब्याखालीं किंवा उंच इमारतीच्या सावलींत ती धरत नाहीं. तेथें हिरवळीचा हट्ट सोडून दगड अंथरावे.

घरांत लहान मुलें आहेत म्हणून आरोग्याचा विचार सर्वांत महत्त्वाचा. कुत्र्याची विष्ठा म्हणजे खत, हा समज सोडावा. तींतून आंकडीकृमी व गोलकृमी यांचीं अंडीं मातींत जातात. ओल्या, उबदार मातींत आंकडीकृमीच्या अळ्या होतात आणि अनवाणी पायांच्या कातडींतून शिरतात. गोलकृमीचीं अंडीं महिनोन्महिने जिवंत राहतात, पण तीं बाधक होण्यास कांहीं आठवडे लागतात. म्हणून विष्ठा रोजच्या रोज उचलली कीं धोका बहुतांशीं टळतो. कुत्र्यास पशुवैद्याच्या सल्ल्यानें नियमित जंताचें औषध द्यावें, आणि पिसाळ रोगाची व लेप्टोस्पायरोसिसची लस दरवर्षीं टोंचावी. हा दुसरा रोग उंदीर-घुशी व कुत्रे यांच्या मूत्रावाटे तुंबलेल्या पाण्यांत पसरतो. २६ जुलै २००५ च्या महापुरानंतर मुंबई परिसरांत त्यानें कसा हाहाकार केला हें पुष्कळांस आठवत असेल. याकरितां पावसाळ्यांत परसांतल्या डबक्यांत मुलांना पाय घालूं देऊं नये. उलट बाजूनें, आपल्या बागेमुळें कुत्र्याच्या जिवास अपाय होऊं नये. एरंडीची पेंड खत म्हणून घालतात. कुत्रे ती आवडीनें खातात आणि प्राणास मुकतात. तिच्याऐवजीं निंबोळीची पेंड वापरावी. कण्हेर विषारी आहे, आणि शोभेसाठीं लावतात तें सायकसचें झाड, विशेषतः त्याच्या बिया, कुत्र्यास प्राणघातक आहेत.

राहिला प्रश्न देवाचा. डोंबिवलीच्या त्या घरांतील आजींचा राग वास्तविक गवताबद्दल नव्हताच. "जिथें कुत्री बसते तिथल्या दूर्वा मी गजाननाला कशा वाहूं?" हें त्यांचें म्हणणें होतें, आणि तें रास्त होतें, शास्त्र बाजूस ठेवून केवळ स्वच्छता पाहिली तरी रास्तच होतें. परंतु महिनाभर घरांत वादावादी झाली तींत त्यांस हें कोणी विचारलें नव्हतें. विचारल्यावर उपाय सोपा निघाला. तुळशीवृंदावनाशेजारीं कंबरेइतका उंच विटांचा ओटा बांधला, त्यांत नवी माती घातली आणि त्यांत दूर्वा लावल्या. आतां आजींच्या एकवीस दूर्वांच्या जुड्या तेथून निघतात. गुडघे दुखत असल्यानें वांकावें लागत नाहीं, हा आणखी एक लाभ. कुत्रीची साखळी निघाली. सकाळची झारी थोरल्याकडे, विष्ठा उचलणें धाकट्याकडे, संध्याकाळचें फिरविणें मुलांकडे, असा पाळीचा कागद मागील दारावर लागला. हिरवळीवर अजून दोन-चार डाग असतात; ज्याची पाळी चुकली त्याचा वार त्यांवरून ओळखतां येतो.

असे दोन-चार डाग गृहस्थानें मनास लावून घेऊं नयेत. डाग तीन-चार आठवड्यांत भरून येतो, खड्डा एका पावसाळ्यांत बुजतो, आणि हरळी तर दुष्काळानंतरही उगवते. कुत्र्याचें आयुष्य मात्र दहा-बारा वर्षांचें, आणि त्यांतलीं भरधांव धांवण्याचीं वर्षें पहिलीं पांच-सहाच. घरांतल्या मुलांचें अंगणांत खेळण्याचें वयही जवळ जवळ तेवढेंच असतें. तीं दोन्ही सरल्यावर परसांत निष्कलंक हिरवळ राखण्यास आपणांस वेळच वेळ मिळणार आहे. तोंपर्यंत झारी भरलेली ठेवावी.